दाणे चावायचे नाहीत

नारायण पेठ, पुणे
गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

सौ. सुशीलाबाई यांस,

नमस्कार. सप्रेम लिहायची रीत आहे, तेव्हा सप्रेम. फोनवर आपलं दोघींचं तिसऱ्या वाक्यापलीकडे जमत नाही, हे लग्नात मठ्ठ्याच्या चवीवरून वाजलं तेव्हापासून सिद्ध झालेलं आहे. म्हणून ही चिठ्ठी अपूच्या पिशवीत घालते आहे. सौमित्र तिला तुमच्याकडे सोडून जाईल, तेव्हा फ्रॉकांच्या खाली बघावं.

तुमच्या नम्रताची रात्रपाळी आणि माझ्या सौमित्रची दिवसपाळी, त्यामुळे सोमवार ते बुधवार नात माझ्याकडे आणि गुरुवार ते शनिवार तुमच्याकडे, रविवारी तिच्या आईबापांकडे, हे ठरलंच आहे. प्रश्न आहे तिच्या जेवणाचा. डॉक्टर काय म्हणाले ते आपण दोघींनी निरनिराळ्या तोंडून ऐकलं, तेव्हा मी ऐकलं ते लिहिते. आजाराचं नाव सिस्टिक फायब्रोसिस. जन्मापासूनचा आहे. यात शरीरातले रस चिकट होतात. छातीत कफ धरतो आणि स्वादुपिंडातला पाचक रस आतड्यापर्यंत पोचतच नाही. चार वर्षं पोरगी ताट चाटूनपुसून खाते, तासाभराने पुन्हा मागते, पोट नगाऱ्यासारखं आणि हातपाय काड्यांसारखे. तुम्ही म्हणत होतात दृष्ट लागली, मी म्हणत होते जंत झाले. दोघी चुकलो. आता प्रत्येक खाण्याच्या सुरुवातीला कॅप्सूल द्यायची. तिच्यातल्या बारीक दाण्यांत बाहेरून आणलेला पाचक रस असतो. एप्रिलअखेर वजन वाढलं नाही, तर पोटाला भोक पाडून नळी बसवायची आणि तिच्यातून रात्रभर अन्न सोडायचं. डॉक्टरांनी हे फार शांतपणे सांगितलं. मी अजून शांत झालेले नाही.

तेव्हा स्पष्टच लिहिते. पोट नाजूक, तर पथ्य कडक. माझ्याकडे मऊ भात, मेतकूट आणि पातळ ताक. तूप नाही, तेल नाही. आणि एवढ्याशा मऊ भाताला अख्खी कॅप्सूल कशाला, म्हणून मी अर्धीच देते. औषध जितकं कमी तितकं बरं. आपल्याकडच्या भाजीवर तवंग असतो, हे मी पंगतीत पाहिलेलं आहे. तो अपूच्या वाटीत नसावा, एवढीच विनंती.

तिच्या परसाकडेवरही लक्ष ठेवावं. तेलकट होत असेल तर कळवावं.

आपली,
आनंदी


खडकी, पुणे
शनिवार, ८ फेब्रुवारी

आनंदीबाईंना सुशीलाचा नमस्कार. माझ्याकडून सप्रेम, आणि ते रीत म्हणून नाही.

चिठ्ठी सापडली. नागोरावांनी मोठ्यानं वाचली. "परसाकडे" आल्यावर अपूनं विचारलं, "आजोबा, परसाकडे म्हणजे कुठे?" तर हे म्हणाले, "म्हणजे शी, बेटा. पुन्यात तिले आडनाव लावतेत." पोरगी हसून हसून लोळली.

बाई, आपण दोघी आज्या आहोत, आपण शीच म्हणू. तर गुरुवारी आली तेव्हापासून शी तेलकट, पाण्यावर तरंगते, दोनदा पाणी ओतलं तरी जात नाही. वास असा की शेजारणीनं खिडकी लावून घेतली. पण हे तुमच्याकडून पोटात घेऊन आलेलं आहे. माझ्याकडचं तर अजून पोटातच आहे!

तूप नाही म्हणता? नमूनं मला सांगितलंय, डॉक्टरांनी तूप द्यायलाच सांगितलं. तूप, लोणी, शेंगदाण्याचा कूट, आणि वरून मीठही जास्तीचं, कारण हिच्या घामातून मीठ जातं. पापा घेतला की माझे ओठ खारट होतात. आम्ही वर्ध्याकडचे. तूप वाढा, हे सांगायला आम्हाला डॉक्टर लागत नाही. मी पोळीवर घालते, वरणावर घालते, आणि ती वाटी चाटते तेव्हा मला बरं वाटतं.

कॅप्सूल ती अख्खी गिळत नाही. उघडून दाणे चमच्यात दिले तर थू थू करून थुंकते. रविवारी नमूच्या हातूनसुद्धा निम्मे दाणे फरशीवर असतात. माझ्याकडे एक दाणा वाया जात नाही. कसा ते सांगणार नाही. तुम्ही पडलात मास्तरीण, लगेच शाळा काढाल.

गुडघ्यांना जपा.

तुमची,
सुशीला


नारायण पेठ
गुरुवार, २७ फेब्रुवारी

सुशीलाबाई,

मधल्या दोन खेपांना चिठ्ठी नव्हती. त्याचं कारण मला लिहायला जड जात होतं, हे आहे. आज लिहून टाकते.

अठरा तारखेला दवाखान्यात मी सोबत गेले होते. वजन साडेबारा किलो. डिसेंबरात होतं तेच. तिथली आहारतज्ज्ञ मुलगी माझ्या धाकट्या विद्यार्थिनींपेक्षाही लहान. तिनं विचारलं, मी सगळं सांगितलं. मऊ भात, ताक, अर्धी कॅप्सूल. सांगताना मला स्वतःचं कौतुकच वाटत होतं. ती म्हणाली, "आजी, तुमची नात उपाशी आहे."

मी रोज समोर बसून भरवते ती मुलगी उपाशी! मी म्हटलं, "अहो, पथ्य नको का पाळायला?" तर म्हणाली, "हिचं पथ्य म्हणजे तूप. कॅप्सूल किती, ते डॉक्टर ठरवतात. ती पूर्ण द्या आणि हात सैल सोडून वाढा." घरी येताना मी रिक्षा थांबवून तूप घेतलं. तेव्हा तुपाच्या बाबतीत तुमचं बरोबर होतं. हे वाक्य मी एकदाच लिहिणार आहे, तेव्हा कागद जपून ठेवावा.

त्या दिवसापासून कॅप्सूल पूर्ण आणि भातावर तुपाची धार. सफरचंद शिजवून, गार करून, त्याच्या गरात दाणे घालते. माझ्यासमोर ती थुंकत नाही. माझ्यासमोर कुणीच थुंकलेलं नाही. रडते मात्र प्रत्येक घासाला. पण काल सकाळी शी (नागोरावांना सांगा, आडनाव काढलं) बांधून झाली आणि बुडाली. मुख्याध्यापिका असताना शाळेचा निकाल शंभर टक्के लागला होता, तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

आता तुमच्याकडे वळते. मागच्या बुधवारपर्यंत माझ्याकडे जरा बरी झाली आणि या सोमवारी पाहते तर पुन्हा तेलकट, पुन्हा पोट फुगलेलं. तूप तुम्ही देता, कॅप्सूलही देता, मग अडतं कुठे? नळीला दोन महिने राहिले. मान-अपमान बाजूला ठेवून सांगा, कॅप्सूल कशी देता?

आनंदी


खडकी
शनिवार, १ मार्च

आनंदीबाई,

तुमचा कागद मी देवघरात ठेवलाय.

पण पुढचं वाचून वाईट वाटलं. मी काय पोरीला औषध देत नाही? नळीचं नाव निघालं की नागोराव उठून गॅलरीत जाऊन उभे राहतात. मला तर जावं कुठं तेही कळत नाही. सांगायचं नव्हतं, पण आता ऐकाच.

नमूनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आई, दाणे चावायचे नाहीत." मी म्हटलं, बरोबरच आहे, एवढ्याशा दातांनी ती काय चावणार! म्हणून मीच ते सहाणेवर मधात उगाळते. लोण्यासारखे मऊ होतात, मग बोटानं चाटवते. नमूची बाळगुटी मी याच सहाणेवर उगाळली, मायफळ, हळकुंड, सगळं. माझ्या आईनंही तसंच केलं. अपू बोट चाटताना हसते, माझा अंगठा चावते. ना रडणं ना थुंकणं. एवढं औषध पोटात जातं, तरी पोट ऐकत नाही, तर त्याला मी काय करू? तुमच्या मेतकुटाचाच वात असेल अजून.

तेवढं एक, तिचं तोंड आलंय. जिभेवर, गालाच्या आतून फोड आहेत. उष्णता झालीय. मी तूप लावते.

सुशीला


नारायण पेठ
सोमवार, ३ मार्च

सुशीलाबाई,

चिठ्ठी वाचली आणि खुर्चीतच बसून राहिले. इतकी साधी गोष्ट मला सुचू नये? माझ्याकडेही सासूबाईंची सहाण आहे, गणपतीला चंदन उगाळण्यापुरती निघते. आज काढली. दुपारच्या जेवणाआधी दाणे मधात उगाळले आणि अपूला चाटवले. रडली नाही! "नारायण पेठेतली आजी पण आता खडकीची झाली," असं म्हणाली. विहीणबाई, तुम्ही शहाण्या आहात. हे वाक्यही एकदाच.

बुधवार, ५ मार्च

वरचं खोडत नाही. लिहिलं तेव्हा मनापासून लिहिलं होतं.

काल संध्याकाळी शी तेलकट झाली. आज सकाळी तरंगली. दुपारी लिंबाचं लोणचं जिभेला लागलं आणि अपू किंचाळली. मी सगळं तपासलं. तूप तेच, तांदूळ तेच, कॅप्सूल तेवढीच. माझ्या घरात एकच गोष्ट बदलली होती. मग त्या आहारतज्ज्ञ मुलीला फोन केला.

सुशीलाबाई, त्या प्रत्येक दाण्यावर कवच असतं. जठरातल्या आम्लातून दाणा सुखरूप जावा आणि पुढे आतड्यात उघडावा, यासाठी ते घातलेलं असतं. आपण सहाणेवर ते कवचच काढून टाकत होतो. मग पाचक रस तोंडातच सुटतो आणि अन्नाऐवजी जिभेला, गालांना लागतो. उरलेला जठरात वाया जातो. आतड्यात काहीच पोचत नाही. तिचं तोंड उष्णतेनं आलेलं नाही.

चावायचे नाहीत म्हणजे फुटू द्यायचे नाहीत. दातांनीही नाही आणि सहाणेनंही नाही. गरम वरणात घालायचे नाहीत, दुधातही नाही. सफरचंदाचा गार गर, अख्खे दाणे, वरून पाणी, आणि तोंडात दाणा राहिला नाही ना ते बघायचं.

मी "आपण" लिहिते आहे, ते मुद्दाम. लगेच थांबवावं.

आनंदी


खडकी
गुरुवार, ६ मार्च

आनंदीबाई,

सौमित्रराव दारात थांबलेत, म्हणून घाईत लिहिते. अपूला त्यांच्याबरोबर परत पाठवते आहे. तिला तुमच्याकडेच ठेवा.

मी माझ्या हातानं तिच्या जिभेला फोड आणले. आणि चाटवताना ती हसत होती हो. मला वाटायचं, सगळ्या घरांत माझ्याच घरी पोरगी सुखानं औषध घेते. तुम्ही निदान दवाखान्यात जाऊन विचारलंत. मी कुणाला विचारलंसुद्धा नाही, कारण मला येतच होतं ना सगळं. आता तिला घास भरवायलाही हात उचलवत नाही. नागोराव म्हणतात, "अवं, चुकलं त चुकलं, पोरीले कायले धाडतं?" पण मला भीती वाटते. उद्या आणखी काही केलं म्हणजे?

नमूला सांगू नका. नाही, सांगा. मला काही कळत नाही.

सुशीला


नारायण पेठ
शुक्रवार, ७ मार्च

सुशीलाबाई,

पोरगी परत पाठवते आहे. पुन्हा धाडलीत तर मी स्वतः तिला घेऊन येईन, आणि मग मलाही दोन वेळा जेवायला घालावं लागेल. ते तुम्हाला परवडणार नाही, मी मठ्ठ्याला अजूनही नावं ठेवते.

नम्रताला काल सांगितलं. अर्धी कॅप्सूल माझी, सहाण तुमची, आणि सोमवारपासूनची सहाण माझी. मला वाटलं, आता नोकरी सोडते म्हणणार. मग म्हणाली, "आई, मी 'चावायचे नाहीत' एवढंच म्हणाले. का, ते सांगितलंच नाही. मला वाटलं त्यात काय सांगायचं." मग रडली, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आमच्या घरात हे फारसं होत नाही. शनिवारी ती तुमच्याकडे जेवायला येणार आहे. तुमच्यावर रागावलेली नाही. असती तर मी तसं लिहिलं असतं, हे तुम्हाला माहीत आहे.

आता मुद्द्याचं. माझ्याकडे ती दाणे गिळते, पण धाकानं गिळते. रडत रडत खाल्लेलं अन्न किती दिवस चालणार? कॅप्सूल तिला जन्मभर घ्यायची आहे, आणि आपण काही जन्मभर पुरणार नाही. मला मुलांना गप्प बसवता येतं, हसवता येत नाही. ते तुम्हाला येतं. दाणे अख्खे राहतील आणि पोरगी रडणार नाही, असा काहीतरी मार्ग शोधा. हे काम माझ्याच्यानं होणार नाही.

आनंदी


खडकी
शनिवार, २२ मार्च

आनंदीबाई,

सापडला!

उन्हाळा लागला म्हणून सब्जा भिजवला होता. अपूनं चमचाभर तोंडात घातला आणि गेला सुळकन. मी विचारलं, "चावलास का गं?" तर म्हणाली, "चावताच येत नाही आजी, पळतो तो." माझ्या डोक्यात लख्ख पडलं. मग रोज दुपारी शर्यत. अपू, मी आणि नागोराव, तिघांच्या हातात चमचे. ज्याचा सब्जा न चावता पळाला तो जिंकला. नागोराव मुद्दाम चावतात आणि "हरलो ना बाप्पा" म्हणून डोक्याला हात लावतात. ती टाळ्या पिटते.

नुसता सब्जा हो, औषध त्यात नाही. शर्यत पक्की बसल्यावर सफरचंदाच्या गार गरात आधी थोडेसे दाणे, मग सगळे. तिला सांगितलं, हेसुद्धा पळणारे आहेत. पळाले! वरून पाणी, मग ती "आ" करून तोंड दाखवते, मी जिभेखाली बघते. हे सगळं त्या आहारतज्ज्ञ मुलीला फोन करून आधी विचारलं. आता विचारल्याशिवाय मी पाणीसुद्धा ढवळत नाही. ती म्हणाली, "आजी, हे मी माझ्या दुसऱ्या मुलांनाही सांगू का?" मी म्हटलं, सांग की. फोन ठेवल्यावर मला रडू आलं, पण ते चांगलं रडू होतं.

तोंडातले फोड गेले. आणि ऐका, काल शी बुडाली! नागोराव म्हणाले, पेढे आणतो. मी म्हटलं थांबा, शेजारीण विचारेल कशाचे, तर काय सांगू?

तुम्हीही शर्यत लावा. पण तुम्हाला हरावं लागेल. जमेल का?

तुमची,
सुशीला


नारायण पेठ
गुरुवार, १ मे

प्रिय सुशीलाबाई,

हरायला जमतं. पहिल्या दिवशी जड गेलं, आता रोज हरते.

मंगळवारचं वजन नम्रतानं तुम्हाला दवाखान्यातूनच कळवलं असेल. साडेतेरा किलो आणि वर थोडं. डॉक्टरांनी काट्यावरून तिला दोनदा उतरवून पुन्हा उभं केलं. मग म्हणाले, "नळी नको. जे चाललंय ते चालू ठेवा." सौमित्रनं तिला काट्यावरून उचलून खांद्यावर घेतलं. आजार गेलेला नाही, हे मला कळतं. छातीचा कफ आहे, वाफारा आहे, रोज पाठ थोपटून घेणं आहे, कॅप्सूल तर कायमचीच. पण तिच्या पोटात अन्न कसं पोचवायचं हे आता आपल्या दोन्ही घरांना येतं, आणि पुढचं काही आलं तर तेही शिकू. मला काळजी वाटते, पण भीती वाटत नाही.

खरं तर हे पत्र वजनासाठी लिहिलेलं नाही. काल अक्षय्य तृतीयेला जे झालं ते नम्रतानं पाहिलं नाही, ती रात्रपाळी करून झोपली होती. तुम्हाला सांगायलाच हवं.

आमरस-पुरी केली होती. अपूचे पळणारे दाणे पळाले, "आ" झालं, मग जेवायला बसली. तीन पुऱ्या खाल्ल्या, रस दोनदा घेतला, त्यावर तूप. मी चौथी पुरी वाढली. तिनं अर्धी खाल्ली, आणि मग ताट हातानं थोडं पुढे सरकवलं. मला वाटलं काहीतरी दुखतंय. मी विचारलं, "काय गं, काय होतंय?" तिलाही नीट सांगता येईना. पोटावर हात ठेवून बघत राहिली, नवीनच काहीतरी सापडल्यासारखी. मग म्हणाली, "आजी, पुरे. आतमध्ये जागाच नाही."

सुशीलाबाई, आमच्या घरात ताटात टाकलेलं मी आजवर कुणाचं खपवून घेतलेलं नाही. सौमित्रला मी एकेका शितासाठी बसवून ठेवलेलं आहे. काल मी तिला म्हटलं, "ऊठ हो, राहू दे." ती हात धुवायला गेली आणि मी त्या ताटासमोर बसले. ती अर्धी पुरी, तिच्या दातांची खूण असलेली, मी उरलेल्या रसाला लावून खाल्ली. नातीचं उष्टं खायला मला साडेचार वर्षं वाट बघावी लागली. कारण याआधी तिनं कधी काही उरवलंच नव्हतं.

तुमची,
आनंदी